आयनॅचरलिस्ट आणि सीक: साप नि अळंबी ओळखायला कितपत भरवशाची?

आयनॅचरलिस्ट आणि सीक ही फोटोवरून प्राणी-वनस्पतींची नावं सुचवणारी ॲप. दोन्ही फुकट आहेत, जाहिराती नाहीत, आणि बनवणारी संस्थाही एकच. सीक मुलांच्या हातात द्यायला उत्तम. खातं उघडावं लागत नाही, रानात रेंज नसली तरी चालतं, आणि कॅमेरा धरला की आधी गण, मग कुळ, जमलंच तर जात दाखवतं. आयनॅचरलिस्ट २००८ साली बर्कले विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झालं. तिथे यंत्राने सुचवलेल्या नावावर माणसं आपलं मत नोंदवतात. किमान दोघांनी नाव दिलं आणि दोन-तृतीयांशांहून अधिक जण एकाच जातीवर आले, की नोंदीला संशोधनाचा दर्जा मिळतो. फुलपाखरं, चतुर, पक्षी यांच्यासाठी खुशाल वापरा. खरी कसोटी लागते ती साप आणि अळंबीपाशी.

विषारी मण्यार आणि बिनविषारी कवड्या ही नेहमीची घोटाळ्याची जोडी. रात्री फ्लॅश मारून लांबून काढलेल्या फोटोत दोन्ही म्हणजे गडद अंगावरचे पांढरे आडवे पट्टे, आणि ॲप दोन्ही नावं एकाखाली एक सुचवू शकतं. अशा वेळी पट्टे कुठून सुरू होतात ते पाहा. मण्यार निळसर काळी, तुकतुकीत. पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने. मानेकडे पुसट किंवा नाहीतच, शेपटीकडे ठळक. कवड्या तपकिरी, मानेपासूनच ठळक पट्टे, शेपटीकडे विरत जाणारे. पक्की खूण पाठीच्या कण्यावर असते. मण्यारीच्या मधल्या ओळीतले खवले मोठे, षट्कोनी असतात, कवड्याचे बाकीच्यांसारखेच. पट्टे जवळजवळ नसलेली मण्यारही सापडते, म्हणून नुसत्या पट्ट्यांवर निकाल देऊ नये. घोणस आणि डुरक्या घोणस यांचंही तसंच. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा, डोकं त्रिकोणी, शेपूट निमुळती. डुरक्याचे डाग वेडेवाकडे, शेपूट आखूड आणि खरखरीत.

फोटो चार हवेत: वरून अख्खा साप, बाजूने डोकं, पाठीचा मधला भाग, शेपूट. दोन-तीन मीटर लांब राहून झूम करा; सापाला काठीने सरळ करू नका. साप घरात असेल तर ॲप उघडण्याआधी सर्पमित्राला फोन. दंश झाला असेल तर फोटोच्या मागे लागूच नका, १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच असतं आणि डॉक्टर लक्षणं पाहून उपचार करतात, नावासाठी अडत नाहीत.

अळंबीत ॲपची मजल आणखी कमी. विदर्भात सात्या किंवा टेकोडे, गोव्यात अळमी म्हणून जी खातात ती बहुतेक वारुळावर उगवणारी, टर्मिटोमायसिस प्रजातीतली (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट). ॲप बरेचदा प्रजातीवरच थांबतं, आणि तेच प्रामाणिक आहे. लोक मात्र फक्त वरून छत्रीचा फोटो टाकतात. खालचे पडदे, देठावरचं कडं, बुडखा आणि कशावर उगवली ते दिसल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वारुळातल्या अळंबीच्या छत्रीला मधोमध टोक असतं आणि देठ मुळासारखा खोल वाळवीच्या घरापर्यंत जातो. उपटली की तो तुटतो, म्हणून एक तरी खणून काढावी.

हिच्याशी घोळ होतो तो क्लोरोफिलम मॉलिब्डायटिसचा. हिरवळीवर, बागेत पावसानंतर येणारी ही पांढरी छत्री विषारी. छत्रीवर तपकिरी खवले, देठावर सरकणारं कडं. कोवळेपणी पडदे पांढरेच असतात, हिरवट रंग नंतर चढतो, त्यामुळे कळीचा फोटो हमखास फसवतो. पूर्ण उमललेली छत्री देठ कापून, पडदे खाली करून अर्ध्या पांढऱ्या अर्ध्या काळ्या कागदावर ठेवा, वर वाटी झाका आणि रात्रभर राहू द्या. कागदावर पडलेल्या बीजाणूंचा ठसा क्लोरोफिलमचा हिरवट, टर्मिटोमायसिसचा गुलाबीसर. गुलाबी ठसा काही विषारी अळंब्यांचाही असतो, त्यामुळे तेवढ्यावर कढईत टाकायचं नाही. ॲपने दिलेल्या नावावर तर मुळीच नाही.

मराठी नावं वापरकर्त्यांनीच भरलेली आहेत, म्हणून कुठे आहेत, कुठे नाहीत. वेबसाइटवर खात्याच्या सेटिंगमध्ये मराठी निवडा, इंग्रजीही सोबत ठेवा. एखादं नाव घालायचं असेल तर तालुक्यापुरतं चालणारं नाव सगळ्या महाराष्ट्राचं म्हणून घालू नका. शास्त्रीय नावाला धरूनच चर्चा करा.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून तारीख आणि ठिकाण गळून पडतं, म्हणून मूळ फोटोच चढवा. मात्र मांडूळ दिसलं तर ठिकाण 'अस्पष्ट' करा. अंधश्रद्धेपायी त्याची तस्करी चालते आणि अचूक जागा म्हणजे तस्करांना आयता पत्ता. धोक्यातल्या म्हणून नोंदलेल्या जातींची जागा ॲप आपणहून सुमारे २० किलोमीटरच्या चौकोनात लपवतं. बाकीच्यांसाठी 'अस्पष्ट' हा पर्याय नोंद चढवताना हाताने निवडावा लागतो.