ग्रामसभेचे परीक्षण : बोललेले वहीत उतरते का?

ग्रामपंचायत पाणी, दिवाबत्ती, घरपट्टीची पावती आणि रहिवासाचा दाखला देते, आणि या सेवांविषयी गावात रोज काही ना काही बोलले जाते. तिने द्यावयाची आणखी एक सेवा कायद्याने ठरवून दिलेली आहे, ती म्हणजे गावातल्या प्रत्येक मतदाराला चारचौघांत उभे राहून गावाच्या प्रश्नावर बोलता येईल अशी सभा. रस्ता, गटार आणि नळाचे पाणी यांवर आमच्या ग्रामसभेत लोक मोकळेपणाने, प्रसंगी तावातावाने बोलतात, त्यामुळे त्याविषयी वेगळे लिहिण्याची गरज नाही. ज्या विषयावर एकाच घरात दोन मते असतात, ज्यावर तोंड उघडले की भावकी दुखावते, ज्यात जातीचा, देवाचा किंवा बाईच्या कपाळावरच्या कुंकवाचा संबंध येतो, अशा विषयावर ही सभा किती उपयोगी पडते, एवढेच येथे पाहायचे आहे. आमचे गाव पश्चिम महाराष्ट्रातले आहे. त्याचे नाव मी देत नाही, कारण या उणिवा आमच्या एकट्या गावाच्या नाहीत आणि ज्यांच्याविषयी लिहितो आहे ती माणसे रोज भेटणारी आहेत.

कागदावरची व्यवस्था चांगली आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला संविधानात स्थान मिळाले, आणि महाराष्ट्राच्या १९५८च्या ग्रामपंचायत कायद्यात वर्षाला किमान ४ सभा, प्रत्येक सभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा आणि एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी असेल तितकी गणपूर्ती, म्हणजे कोरम, अशा तरतुदी आहेत. आमच्याकडे नोटीस वेळेवर फलकावर लागते, आदल्या संध्याकाळी दवंडीही दिली जाते. सभा मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात भरते. हजेरीची वही आधी फिरते आणि सही करून बरीच मंडळी लगेच पाराकडे निघून जातात, त्यामुळे वहीत कोरम पूर्ण असतो आणि मंडपात मात्र अर्धी सतरंजी रिकामी असते. ज्या सभेत खरोखर वादाचा विषय असतो, त्या सभेला हे अधिक घडते, कारण उपस्थित राहिले म्हणजे बाजू घ्यावी लागेल, अशी लोकांना धास्ती असते.

या सेवेची खरी कसोटी आमच्याकडे २०२२ नंतर लागली. त्या वर्षी ४ मे रोजी शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या अंत्यविधीच्या वेळी पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, पायातली जोडवी काढणे हे प्रकार गावात होऊ द्यायचे नाहीत, असा तो ठराव होता. राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांनीही असे ठराव करावेत, असे आवाहन केले, आणि यथावकाश आमच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवरही तो विषय आला.

महिलांची सभा शाळेच्या वर्गात झाली, आणि मुख्य सभेत नाव टिपले जाणार नाही एवढ्या खात्रीवर काही जणींनी तिथे झालेले बोलणे मला नंतर सविस्तर सांगितले. ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्या अनेक होत्या, परंतु सर्वांत जास्त वेळ एका वयस्कर विधवा बाईंच्या म्हणण्यावर चर्चा झाली. बांगड्या फोडू नका हे त्यांना मान्य होते. मात्र ज्यांनी तीस-चाळीस वर्षे बिनकुंकवाने काढली, त्यांना आता हळदीकुंकवाला बोलावले तरी जायला पाय धजत नाहीत, आणि गेले नाही तर ठराव मोडल्याचा ठपका येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. दुसरी एक सून म्हणाली की, सासऱ्यांच्या वेळी सासूबाईंनी स्वतःच हट्टाने सगळे विधी करून घेतले; अशा वेळी कोणी अडवायचे? हे प्रश्न बिनतोड होते. एखाद्या विषयावर मोकळी चर्चा म्हणजे काय, याचे उत्तम उदाहरण मला त्या वर्गात सापडले, आणि आमच्या ग्रामसभेच्या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग कोणता असे विचारले, तर मी महिला सभा असेच उत्तर देईन.

मुख्य सभेत मात्र विषय दहाएक मिनिटांत उरकला गेला. परिपत्रक वाचून दाखवले गेले, दोन तरुणांनी चांगली भाषणे केली, टाळ्या झाल्या. त्यानंतर एका वृद्ध गृहस्थांनी उठून हरकत घेतली. पूर्वापार चालत आलेल्या गोष्टीत पंचायतीने पडू नये आणि घरच्या दुःखात गावाने शिरू नये, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे वाक्य पुरे होण्याआधी मागून कोणीतरी ओरडले, माईक पुढे गेला, आणि ते खाली बसले. मी त्या ठरावाच्या बाजूचा आहे, आजही आहे. तरीही त्या माणसाला बोलू द्यायला हवे होते, असे मला मनापासून वाटते. इतिवृत्तात त्या विषयापुढे ‘सर्वानुमते मंजूर’ असे दोनच शब्द आहेत. महिला सभेत निघालेले प्रश्नही तिथे नाहीत आणि ही हरकतही नाही.

त्याचा परिणाम दिसायला फार वेळ लागला नाही. पुढे गावात मयत झाली तेव्हा ज्या घरांना ठराव पटलेला होता तिथे तो पाळला गेला, आणि ज्यांना पटलेला नव्हता तिथे दार लोटून घेऊन आत सगळे विधी पूर्वीप्रमाणेच झाले. ज्यांची हरकत ऐकलीच गेली नाही, त्यांना समजावून सांगण्याची संधीही सभेने गमावली होती. सभेत गप्प बसलेला माणूस सहमत असतो, असे धरून चालणारे गाव स्वतःचीच फसवणूक करते. आमच्या सेवेतील सर्वांत मोठा दोष हाच आहे की, मतभेद नोंदवण्याची जागा वहीत आहे, परंतु सवय नाही.

गप्प बसण्यामागे साधे भित्रेपण असते असे मी म्हणणार नाही. लहान गावात सभा संपल्यावर माणूस घरी जातो तो त्याच वाटेने, ज्याच्याविरुद्ध बोलला त्याच्या ओट्यावरून. बांधाला बांध त्याचाच असतो, पेरणीला औत त्याचेच मागायचे असते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या संकुचितपणावर आणि अज्ञानावर जे कठोर भाष्य केले, त्यामागे हा अनुभव होता, आणि ज्यांच्या वाट्याला गावकीचा बहिष्कार आला त्यांना ते अतिशयोक्त वाटत नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा केला, तो ३ जुलै २०१७ पासून लागू झाला, आणि त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. परंतु कोणी बोलावणे बंद केले, कोणी दूध घालणे बंद केले, एवढ्यावर तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात कोण जाणार? सभेत बोललेल्या माणसाला सभेनंतर त्रास झाला तर त्याचीही दखल पुढच्या सभेत घ्यावी, ही सूचना मी लेखी दिलेली आहे. ती ‘ऐनवेळच्या विषयांत’ गेली आणि वेळेअभावी राहिली.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये, कारण गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने वेगळी रीत घालून दिली आहे. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वांच्या सहमतीने होतो, आणि एकाचेही समाधान झाले नसेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. सभेआधी अभ्यासगट बसतो, तिथे निर्णय घ्यायचा नसतो, फक्त समजून घ्यायचे असते, त्यामुळे माणूस न घाबरता शंका विचारू शकतो. याच गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, म्हणजे हळू चालणारी सभा कामाची नसते हा आक्षेपही टिकत नाही. आमच्या गावात अनेक जाती, अनेक गट आणि दर पाच वर्षांनी येणारी निवडणूक असल्याने सगळेच तसे करता येणार नाही, हे मला समजते. पण अभ्यासगट भरवायला कोणाची परवानगी लागत नाही.

दारूबंदीच्या मतदानाचा अनुभवही येथे विचारात घ्यावा. मतपत्रिकेवर उभी बाटली (दुकान चालू ठेवण्यासाठी) आणि आडवी बाटली (बंद करण्यासाठी) असते, मत गुप्त असते, आणि ज्या बाईने सभेत कधी पदर सावरून उठण्यापलीकडे काही केले नाही, ती नवऱ्याच्या मताविरुद्ध आडव्या बाटलीवर शिक्का मारून येते. गुप्त मतदानाने निर्णयाला धैर्य येते, परंतु चर्चेची जागा ते घेऊ शकत नाही. सामाजिक विषयांवर आधी महिला सभा आणि वाडीनिहाय बैठका, मग मुख्य सभेत दोन्ही बाजूंना ठरलेला वेळ, आणि गरज पडल्यास हात वर करण्याऐवजी चिठ्ठ्या, हा क्रम आमच्या पंचायतीने एकदा करून पाहावा.

ज्यांना आपल्या गावची सभा पारखायची आहे, त्यांनी इतिवृत्ताची वही आधी पाहावी. नक्कल सहज मिळाली नाही तर माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) अर्ज करावा, ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. मागील वर्षाच्या वादाच्या विषयापुढे विरोध करणाऱ्याचे म्हणणे एका ओळीत तरी लिहिलेले आहे का, ते पाहावे. लिहिलेले नसेल तर पुढच्या सभेत मागील इतिवृत्त वाचून कायम करण्याचा विषय येईल, तेव्हाच हात वर करून दुरुस्ती मागावी. वही एकदा कायम झाली की मग कोणी ऐकत नाही.