सातपुड्याचा पायथा की अजिंठ्याची कड?

तापीच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग. दोन्हींचा दगड एकच, लाव्हाचा काळा बेसाल्ट. त्यामुळे पावसाळ्यात दोन दिवसांसाठी जळगावला येणारे पाहुणे विचारतात, "कुठंही गेलं तरी सारखंच ना?" अजिबात नाही.

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून बघा. कापलेल्या दरडीत लाव्हाचे थर दिसतात, भाकरींची चवड रचावी तसे. वर पोचलात की पलीकडे उतार येतच नाही. समोर कपाशी-मक्याची सपाट शेतं लागतात. खान्देशातून जो डोंगर दिसतो, ती खरं तर मराठवाड्याच्या पठाराची कड आहे. कडेच्या अलीकडचा पाऊस तापीला मिळतो, पलीकडचा गोदावरीला. घाटाला औट्रमघाट म्हणतात ते 1825 मध्ये खान्देशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावावरून.

सोबत म्हातारी माणसं, लहान पोरं असतील तर हीच बाजू सोपी. पायथ्याला पाटणादेवी. इथल्याच शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे, 1207 सालची. वर पितळखोऱ्याची लेणी. अजिंठा पाहिलाच नसेल तर मात्र वाद नको, आधी तिथे जा. वाघूर नदीने घोड्याच्या नालेच्या आकारात कोरलेला कडा आणि त्यातली लेणी एकत्र बघायला मिळतात. सोमवारी लेणी बंद असतात.

पण डोंगर आणि त्याचा पायथा समजून घ्यायचा असेल, तर मी सातपुड्याकडेच बोट दाखवीन. नर्मदा आणि तापीच्या खचलेल्या दऱ्यांच्या मधे उभा असलेला हा गट पर्वत, म्हणजे बाजूची जमीन खचल्यावर मधे उरलेला ठोकळा. याला दोन्हीकडे उतार आहेत. चोपडा, यावल, रावेरच्या बाजूला नाले जोरात उतरतात आणि सपाटी लागली की आणलेले दगडगोटे तिथेच टाकतात. यावल तालुक्यात मनुदेवीला जा. धबधबा भरून कोसळत असतो. तिथून नाल्याच्या कडेने खाली येत राहा: आधी डोक्याएवढे धोंडे, मग मुठीएवढे गोटे, पुढे नुसती वाळू. आणि पाणी? पाऊस थांबून चार दिवस झाले असतील तर वाटेतच गायब. ते गोट्यांच्या फटींतून जमिनीत उतरलेलं असतं.

आमची केळी या मुरलेल्या पाण्यावर उभी आहे. वर्षानुवर्षं मुरतं त्यापेक्षा जास्त उपसलं, म्हणून यावल-रावेरच्या विहिरी आटल्या आणि ट्यूबवेल खोल खोल जात राहिल्या. घड वाहून नेणारे ट्रक सगळ्यांना दिसतात. हा गोट्यांचा पट्टा कुणी थांबून बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही तरी बघा.

तोरणमाळ सुंदर आहे, हजार मीटरच्या वर, यशवंत तलावासकट. पण जळगावहून जाण्यायेण्यातच दिवस संपतो. शहाद्याला मुक्काम असेल तरच धरा.

त्याऐवजी दुसऱ्या दिवशी अडावदजवळच्या उनपदेवला जा. डोंगराच्या कडेने जमिनीला खोल भेग आहे. तिच्यातून खालचं तापलेलं पाणी वर येतं आणि गोमुखातून बारमाही पडत राहतं. श्रावणाच्या गार हवेत हात धरला की ऊब थेट कोपरापर्यंत चढते.