रेकॉर्ड ऐकणाऱ्यांसाठी: पॅसिव्ह क्रॉसओव्हर घ्यावा की ॲक्टिव्ह?

क्रॉसओव्हर म्हणजे बेस वूफरकडे (मोठा ड्रायव्हर, म्हणजे स्पीकरमधला आवाज काढणारा भाग) आणि ट्रेबल छोट्या ड्रायव्हरकडे वाटून देणारं सर्किट. स्पीकर निवडायला निघण्याआधी एक गोष्ट पक्की करा: तुमचा फोनो स्टेज, म्हणजे सुईकडून येणारा बारीक सिग्नल वाढवणारा भाग, चांगला आहे ना? एलपी कापतानाच बेस दाबलेला आणि ट्रेबल उचललेला असतो. 1954 पासून त्याचं आरआयएए हे प्रमाण ठरलेलं आहे. फोनो स्टेज ते उलटं फिरवतो, म्हणजे 20 हर्ट्झला सुमारे 19 डेसिबल वाढ आणि 20 हजार हर्ट्झला जवळपास तेवढीच घट. इथे चूक राहिली तर पुढचा कुठलाही क्रॉसओव्हर ती भरून काढत नाही.

बेसमधली ही वाढ फुकट मिळत नाही. जरा वाकलेली रेकॉर्ड लावा आणि वूफरकडे बघा. गाणं सुरू व्हायच्या आधीच त्याचा कोन मागेपुढे डोलायला लागतो. ही कंपनं 10 हर्ट्झच्याही खालची. ऐकू येत नाहीत, पण ॲम्प्लिफायरची ताकद खातात. पोर्ट (हवेसाठी भोक) असलेल्या बॉक्समध्ये हे डोलणं जास्त, बंद बॉक्समध्ये कमी.

पॅसिव्ह क्रॉसओव्हर ॲम्प्लिफायरच्या नंतर येतो. त्यामुळे पूर्ण ताकद त्याच्या कॉइल-कपॅसिटरमधून जाते आणि कॉइलचा रोध वूफरवरची पकड थोडी ढिली करतो. तरी नीट केलेलं काम बघायचं तर बीबीसीने सत्तरच्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी बनवलेला एलएस3/5ए बघा. बॉक्स छोटा आणि बंद, विभाजन 3 हजार हर्ट्झच्या आसपास. त्याचा क्रॉसओव्हर सूर नुसते वाटून देत नाही, दोन्ही ड्रायव्हरचे उंचसखल भागही सपाट करतो. गाणारा आवाज त्यावर फार खरा वाटतो.

ॲक्टिव्हमध्ये विभाजन आधी होतं आणि प्रत्येक ड्रायव्हरला स्वतःचा ॲम्प्लिफायर मिळतो. ऑक्टेव्हला 24 डेसिबलचा लिंकविट्झ-रायली उतार, म्हणजे विभाजनापलीकडचे सूर झपाट्याने कापणारी रचना, इथे सहज बसतो. रेकॉर्डवाल्यांसाठी मोलाची गोष्ट म्हणजे 20 हर्ट्झखालचं सगळं अडवणारा सबसॉनिक फिल्टरही त्यातच घालता येतो. खर्च आणि वायरींचा पसारा मात्र वाढतो. आजच्या बऱ्याच ॲक्टिव्ह स्पीकरमध्ये सिग्नल आधी डिजिटल होतो. माझ्या मते त्याला घाबरू नये. रेकॉर्डचा स्वतःचा खरखराट 24 बिट डिजिटलच्या खरखराटाच्या मर्यादेच्या कितीतरी वर असतो.

फ्लॅटमधला बेताचा हॉल असेल तर मी पॅसिव्हच घ्यायला सांगेन, शक्यतो बंद बॉक्सचे. उरलेले पैसे कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) आणि फोनो स्टेजवर घाला. खोली मोठी, थ्री-वे (सूर तीन भागांत वाटणारे) स्पीकर आणि खोल बेसची आवड असेल, तर ॲक्टिव्ह.

घरात नाट्यसंगीताच्या 78च्या (मिनिटाला 78 फेऱ्यांच्या) जुन्या तबकड्या असतील तर मात्र हा सगळा प्रश्न बाजूला ठेवा आणि आधी कर्व्ह (बेस-ट्रेबल उलटं फिरवण्याचं प्रमाण) बदलता येणारा फोनो स्टेज आणा. एचएमव्हीच्या त्या काळच्या तबकड्यांत ट्रेबल सहसा उचललेला नसायचा. आरआयएए तिथे 10 हजार हर्ट्झला जवळपास 14 डेसिबल उगाच कापतो आणि गायकाची फिरत मंद होऊन जाते. सुईही 78ची वेगळीच लागते, एलपीच्या सुईपेक्षा बरीच जाड.