हरकत फेटाळल्यावर गाठलेले वकील : पाचपैकी साडेतीन

तालुका कोर्टामागच्या बोळात, झेरॉक्सच्या दुकानावर यांचं ऑफिस. नाव टाकत नाही, कारण तक्रारही करायची आहे.

ग्रामपंचायतीला मावशी उभी होती. समोरच्या उमेदवाराचं घर गायरानात, म्हणजे सरकारी जागेवर अतिक्रमण. म्हणून तो अपात्र, अशी अर्जांच्या छाननीला हरकत घेतली, ती निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी दहा मिनिटांत फेटाळली. माझं डोकं फिरलं. हायकोर्टातून स्टे आणायचाच, म्हणून तडक यांच्याकडे.

साहेबांनी चहा मागवला. "पैसे वर आलेत का?" म्हणाले. सुप्रीम कोर्टाच्या १९५२ च्या पोन्नुस्वामी निकालापासून ठरलेलं आहे, निवडणूक सुरू झाली की अर्जाच्या भांडणात कोर्ट मध्येच पडत नाही, दाद निकालानंतर. पंचायतींना घटनेचं कलम २४३-ओ तेच सांगतं. त्या भेटीची फी घेतली नाही. इथेच तीन स्टार.

मावशी ११ मतांनी पडली. मग दोन वाटा समजावल्या. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १५ खाली निवडणुकीला आव्हान द्यायला दिवाणी न्यायाधीशांकडे जायचं, तेही निकालापासून १५ दिवसांत. उमेदवारच हवा असं नाही, मतदारही जाऊ शकतो. किंवा अतिक्रमणाच्या मुद्द्यावर जिल्हाधिकाऱ्यांकडे विवाद अर्ज. तिथे सदस्य अपात्र ठरला तर जागा रिकामी होते, मावशी आपोआप निवडून येत नाही. हे ऐकून मावशीचं तोंड उतरलं, पण खोटी आशा लावली नाही हे बरं. आम्ही विवाद अर्जच केला.

घर त्या उमेदवाराच्या सासऱ्यांच्या नावावर, म्हणजे आपलं काही चालणार नाही, अशी माझी समजूत. त्यावर साहेबांनी २०१८ चा सुप्रीम कोर्टाचा जनाबाई निकाल काढला: अतिक्रमण केलं कुणी का असेना, त्या जागेत राहून उपभोग घेणारा कुटुंबीयही अपात्र. पण राहतो हे कागदावर दिसायला हवं. नमुना ८ चा उतारा (ग्रामपंचायतीतली घराची नोंद), मोजणीचा नकाशा, मतदारयादीतला पत्ता, सगळी यादी स्वतःच्या हाताने लिहून दिली. अक्षर मात्र डॉक्टरसारखं.

दीड स्टार कापला तो ज्युनिअरमुळे. फोन उचलत नाही, आणि अर्जात गट नंबर चुकवला. तो मावशीने पकडला, तिची शाळा सातवीपर्यंत. शिवाय १२,००० रुपये रोख दिले, पावती अजून "उद्या" आहे.

सुनावणी चालू आहे. जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, नंतर साहेब कोर्टात असतात आणि ज्युनिअरच भेटतो.