ओट्यामागच्या जुन्या टाइल्स: फोडायच्या की वरून नव्या लावायच्या?

सुट्टीच्या दिवशी जमेल तेवढं करत स्वयंपाकघर स्वतःच बदलणाऱ्याला हा प्रश्न पडतोच. फोडलं की भिंत उघडी होते, जुने पाइप बदलता येतात, ओल कुठून येते ते कळतं. पण छिन्नी-हातोडा चालला की घरभर धूळ, राबिटच्या (फोडलेल्या तुकड्यांच्या) गोण्या खाली न्यायच्या, मग प्लास्टर, त्यावर पाणी मारणं. तोवर स्वयंपाक कुठे करायचा?

वरून लावायच्या तर आधी एकेक टाइल नाण्याने वाजवून बघा. पोकळ आवाज आला तर तेवढी काढून खड्डा भरा. तेलकटपणा धुऊन काढा, चकाकी घासून खरखरीत करा. साधं सिमेंट गुळगुळीत टाइलला धरत नाही. टाइलवर टाइलसाठीचं पॉलिमरवालं अ‍ॅडहेसिव्हच आणा. भिंत साधारण 10-12 मिमी पुढे येते, त्यामुळे स्विचबोर्डला लांब स्क्रू लागतात. फायदा मोठा आहे: आज दोनच रांगा झाल्या, तरी उद्या त्याच ओट्यावर पोळ्या लाटता येतात.

ओल नसेल तर मी वरूनच लावा म्हणेन. ओल असेल तर मात्र फोडाच, ती झाकून थांबत नाही. आणि शेगडीमागच्या सांध्यांत एपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा रेझिनचा लगदा, भरा. हळद-तेल त्यात सहसा मुरत नाही.