विंडी अॅप : उजळाईवाडीच्या टॅक्सीवाल्याकडून पाचपैकी चार

विमान उतरणार का माघारी जाणार, ह्याची खबर पायलटच्या खालोखाल कुणाला पाहिजे असेल तर ती आम्हा टॅक्सीवाल्यांना. विमान बेळगावला नाहीतर गोव्याला वळलं की आमचं ठरलेलं भाडं गेलं. मी उजळाईवाडीला, कोल्हापूरच्या विमानतळावर गाडी लावतो. स्टँडवर मला 'हवामान खातं' म्हणतात, ते विंडी ह्या हवामानाच्या अॅपमुळं.

आधी एक सांगतो, प्ले स्टोअरवर विंडी नावाची दोन वेगळी अॅप आहेत. मी म्हणतोय ते लाल रंगाच्या चिन्हाचं, झेक देशातल्या कंपनीचं, २०१४ पासून चालू असलेलं. फुकट आहे. पैसे भरले तर तासातासाचा अंदाज मिळतो, न भरता तीन-तीन तासांचा. आमच्या धंद्याला फुकटचं पुरतं.

उघडलं की रंगीत नकाशा येतो, वारं कसं वाहतंय ते पांढऱ्या रेघांनी हलताना दिसतं. बघायला नाद खुळा. पण त्या नकाशावर विसंबून गाडी काढू नका. त्यातलं युरोपचं मॉडेल, म्हणजे अंदाज काढणारा संगणकाचा हिशोब, ९ किलोमीटरचा चौकोन धरून चालतं, अमेरिकेचं २२ किलोमीटरचा. म्हणजे शिरोलीपासून कागलपर्यंत सगळं एकाच चौकोनात! इथं आमच्याकडं गगनबावड्याला ढग फुटल्यासारखा कोसळत असतो आणि गोकुळ शिरगावला रस्ता कोरडा असतो. उद्या-परवा पावसाचा जोर वाढणार का, एवढं कळायला नकाशा चांगला. आत्ता उजळाईवाडीच्या माळावर काय चाललंय, ते त्याला कुठनं कळणार?

खरा माल वेगळीकडं आहे. नकाशावर विमानतळाच्या खुणेवर बोट ठेवायचं, नाहीतर शोधात 'व्हीएकेपी' टाकायचं. तो कोल्हापूर विमानतळाचा कोड. मग मेटार उघडतो. मेटार म्हणजे विमानतळावर प्रत्यक्ष मोजलेलं हवामान. ते विंडी बनवत नाही, आपल्याकडं ते भारतीय हवामान खात्याच्या निरीक्षणातनं येतं. विंडी फक्त दाखवतं आणि सोप्या भाषेत फोडून देतं. मला मात्र कच्चा मजकूरच बरा वाटतो, एका ओळीत सगळं येतं. जुलैत साधारण असा असतो:

व्हीएकेपी १२०७००झेड २५०१२केटी २००० -आरए बीकेएन००८ २३/२२ क्यू१००५

बारा तारीख, ०७०० झेड. झेड म्हणजे जागतिक वेळ, त्यात साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे दुपारचे साडेबारा. वारा २५० अंशातनं, वेग १२ नॉट. आपली धावपट्टी ०७-२५ अशी आहे, हे आकडे दिशेचे, ७० आणि २५० अंश, म्हणजे पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा विमानाला बरोबर समोरनं मिळतो. आडव्या वाऱ्याची भीती त्यामुळं कमी. पुढचं २००० म्हणजे २००० मीटरपर्यंतचं दिसतंय, -आरए म्हणजे हलका पाऊस, आणि बीकेएन००८ म्हणजे आभाळाचा बराचसा भाग झाकलेला, ढगाचा तळ ८०० फुटांवर. हा आकडा बघून आमच्या पोटात गोळा येतो. डोळ्यांनी बघून उतरायच्या नियमात ५ किलोमीटर दिसायला लागतं आणि ढग १५०० फुटांच्या वर पाहिजेत. उपकरणांवर उतरायचं तर प्रत्येक विमानतळाचा किमान आकडा वेगळा, तो पायलटचा विषय. मी आपला बघतो की आकडा वर चाललाय का खाली.

गेल्या पावसाळ्यात असाच आकडा होता. हैदराबादच्या विमानाला उशीर म्हणून बोर्डावर लागलं होतं, किती उशीर ते काही नाही. कसबा बावड्याच्या एक आज्जी नातवाला न्यायला आलेल्या, माझ्याच गाडीतनं. दर पाच मिनिटांनी, "पोरा, इमान येतंय न्हवं?" मी फोन बघतोय. पुढचा रिपोर्ट आला तो ४००० मीटर, ढग १५०० फुटांवर. म्हटलं, "आज्जी, च्या घ्या निवांत, येतंय आता." चहा संपायच्या आत ढगातनं आवाज आला. आज्जींनी मलाच नमस्कार केला, आता काय बोलायचं!

थंडीत पावसाचे आकडे सोडा, २३/२२ ह्या जोडीकडं बघा. पहिलं तापमान, दुसरा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव व्हायला लागतं. (त्यापुढचा क्यू म्हणजे हवेचा दाब.) दोन्ही सारखे झाले, समजा १६/१६, आणि वारं पडलेलं असलं की धुक्याची तयारी ठेवायची. एफजी, म्हणजे धुकं, लिहिलं असेल तर १ किलोमीटरच्या आतलंच दिसतंय, बीआर, म्हणजे विरळ धुकं, असेल तर त्याच्यापेक्षा बरं. त्यात उसाचं पाचट पेटवलेलं असलं की धूर माळावर बसतो. अशा दिवशी सकाळच्या गिऱ्हाईकाला मी आदल्या रात्रीच सांगून ठेवतो, नाष्टा करून निघा.

वळवात मात्र मेटारचाही भरवसा नाही. एप्रिल-मे मध्ये चार वाजेपर्यंत कडक ऊन, आणि वीस मिनिटांत धूळ, वारं, गारा. तेवढ्यात रिपोर्ट जुना होतो. तेव्हा विंडीतलं उपग्रहाचं चित्र आणि विजांचा थर लावायचा, राधानगरीच्या बाजूला पांढरा गठ्ठा फुगताना दिसला की समजायचं.

आधी मी दुसरं एक अॅप पैसे भरून घेतलं होतं, नाव घेत नाही. बाहेर धो धो पाऊस आणि त्यात हसरा सूर्य. काढून टाकलं.

एक तारा कशाला कापला? रिपोर्ट किती वेळापूर्वीचा आहे ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, घाईत चुकतं. दोन-तीन तासांपूर्वीचा आकडा आत्ताचा समजून बसलात तर गिऱ्हाईकाच्या शिव्या तुम्हालाच. शिवाय वारं दुसऱ्या एककात दिसत असलं तर नॉट करायला खालच्या पट्टीवर टिचकी मारायची. मराठीत मेटार फोडून सांगितलं असतं तर स्टँडवरची बाकीची पोरं माझ्या डोक्यावर येऊन बसली नसती. आत्ताही दोघंजण बोनेटला टेकून विचारायलेत, संध्याकाळचं विमान येतंय का म्हणून.