दादाची चिडचिड आधी ओळखायला: मनगटावरचं घड्याळ की छातीचा पट्टा?

दुचाकीच्या अपघातात दादाच्या मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसला. त्याचा राग अचानक येतो असंच आम्ही वर्षभर समजत होतो. पण शरीर आधी बदलतं. ते मनगटावरच्या घड्याळाने घामात वाचायचं की छातीच्या पट्ट्याने हृदयाच्या ठोक्यांत, एवढाच प्रश्न होता. आम्ही दोन्ही वापरून पाहिलं.

कागदावर घड्याळ सरस वाटतं. घामग्रंथी सिंपथेटिक मज्जासंस्थेच्या, म्हणजे ताणात शरीराला सज्ज करणाऱ्या नसांच्या, हुकमावर चालतात, त्यामुळे ताण त्वचेवर लगेच उमटतो. शिवाय दादाला रागासाठी प्रोप्रॅनोलॉल ही बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू आहे; ते ठोके दाबून धरतं, घामाला फारसं अडवत नाही. तुमच्याकडे बीटा-ब्लॉकर चालू असेल तर डॉक्टरांशी हे आधी बोला. ठाण्यातल्या मे महिन्यात मात्र घाम उकाड्याचा की रागाचा, हे घड्याळाला कळेना.

तरी निर्णय झाला तो दुसऱ्याच गोष्टीवरून. ताण वाढला की आमचं घड्याळ मनगटावरच व्हायब्रेट व्हायचं आणि विचारायचं, आत्ता कसं वाटतंय? दादा तेव्हा कुकरच्या शिट्ट्या आणि दोन पाहुण्यांचं एकदम बोलणं कसंबसं सोसत बसलेला असायचा. त्यात ती थरथर. दोनदा त्याने घड्याळ उपटून भिंतीवर मारलं. सूचना बंद केल्या, तर मलाही काही कळेना. आलेख बघायचा तो रात्री, सगळं होऊन गेल्यावर. सावध व्हायचं होतं ते मला आणि वहिनीला.

पट्टा गप्प असतो. ठोके ब्लूटूथने माझ्या फोनवर येतात. रोज इलेक्ट्रोड ओले करावे लागतात, उन्हाळ्यात पुरळ येतं, आणि तो वहिनीनेच बांधलेला दादाला चालतो. गोळीमुळे वाढ छोटी दिसते. बसल्या जागी मिनिटाला ६२ चे ७४ ठोके झाले की आम्ही टीव्ही बंद करतो, पाहुण्यांना आतल्या खोलीत नेतो, एकाच माणसाने बोलायचं. बहुतेक वेळा तेवढ्यावर ओसरतं.

हा ६२-७४ चा आकडा दादाचा. तुमच्या माणसाचा शोधायला पहिला महिना वही लागेलच: आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. जमलं तर एजिटेटेड बिहेवियर स्केल, म्हणजे अस्वस्थपणा आणि चिडचिड मोजायचा तक्ताही भरा. १४ मुद्दे, प्रत्येकाला १ ते ४ गुण.

ज्यांचा माणूस स्वतःचा राग ओळखून खोलीबाहेर जाऊ शकतो, त्यांना कदाचित घड्याळच बरं पडेल. आमचं कपाटात आहे.